तबेल्यातील वर्ग आणि काचेची नळी : प्रा. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांचे मँचेस्टर

यंत्र अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला, मग तो फर्मागुढीचा असो, बेळगावचा असो वा वडोदऱ्याचा, रेनॉल्ड्स हे नाव प्रथम भेटते ते एका अंकाच्या रूपाने. द्रवाचा वेग, नळीचा व्यास आणि द्रवाची घनता यांचा गुणाकार करायचा, त्याला श्यानतेने म्हणजे द्रवाच्या चिकटपणाच्या मापाने भागायचे, आणि आलेला आकडा दोन हजारांच्या खाली आहे की वर, ते पाहायचे. परीक्षेपुरते एवढे पुरते. हा अंक ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मँचेस्टरमध्ये सदतीस वर्षे अभियांत्रिकीचा विभाग चालवला. तो उभा राहिला तेव्हा असा विभाग विद्यापीठीय शिक्षणात असावा का, याविषयीच इंग्लंडमध्ये एकमत नव्हते. पाठ्यपुस्तकात याला जागा नसते.

मँचेस्टर हे कापसाचे शहर. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस येईनासा झाला, लँकेशायरमधील गिरण्या थंडावल्या आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. त्या टंचाईच्या वर्षांत मुंबई बंदरातून तिकडे गेलेल्या गाठींमध्ये धारवाड भागातील कापूसही होता. पण या शहराला केवळ सूत आणि कापड यांनीच मोठे केले नव्हते. गिरण्यांना लागणारी यंत्रे, बाष्पयंत्रे, रेल्वे इंजिने आणि ती घडवणारी हत्यारे तेथेच बनत. स्क्रूच्या आट्यांना एकच माप लावून देणारे जोसेफ व्हिटवर्थ तेथले, लोखंडी पूल आणि जहाजे बांधणारे विल्यम फेअरबेर्न तेथले. सॅक्सनीतील एका विणकराचा मुलगा चार्ल्स बायर यानेही तेथेच रिचर्ड पीकॉक यांच्या भागीदारीत गॉर्टनचा इंजिन कारखाना काढला. बायर-पीकॉकची इंजिने पुढे भारतीय रेल्वेमार्गांवरही धावली.

या शहरात १८५१ मध्ये ओवेन्स कॉलेज सुरू झाले. जॉन ओवेन्स या कापड व्यापाऱ्याने १८४६ मध्ये मृत्युपत्राद्वारे जवळजवळ ९७ हजार पौंड ठेवले होते, आणि अट घातली होती की शिक्षक वा विद्यार्थी घेताना त्याच्या धर्ममताची विचारपूस करू नये. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे अशी विचारपूस १८७१ पर्यंत चालू होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अटीचे मोल कळते. कॉलेजला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार नव्हता. विद्यार्थी लंडन विद्यापीठाच्या परीक्षांना बसत. वर्ग भरत ते क्वे स्ट्रीटवरील एका घरात. ते घर एकेकाळी मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते रिचर्ड कॉब्डेन यांचे होते.

कारखानदारांनी वर्गणी जमवून या कॉलेजात अभियांत्रिकीचे स्वतंत्र अध्यासन निर्माण करण्याचे ठरवले. बायर यांचा त्यात मोठा वाटा होता. वास्तविक हे सगळे लोक उमेदवारी करून वर आलेले. मुलाने चौदाव्या-पंधराव्या वर्षी कारखान्यात यावे, हात काळे करावेत, मुकादमाच्या शिव्या खाव्यात आणि सहा-सात वर्षांनी इंजिनिअर म्हणून बाहेर पडावे, हीच त्यांची शाळा. फळ्यावर खडूने इंजिन शिकवता येते, यावर त्यांच्यातील अनेकांचा विश्वास नव्हता. तरीही जर्मनी आणि फ्रान्समधील तंत्रशाळांतून शिकून आलेली माणसे पुढे जात असल्याचे त्यांना दिसत होते. केंब्रिजमध्ये यंत्रशास्त्राचे अध्यासन १८७५ मध्ये आले आणि ऑक्सफर्डला त्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले. मँचेस्टर या दोघांच्याही आधी निघाले होते. वर्षाला ५०० पौंड वेतन देऊ करण्यात आले. त्या काळाच्या मानाने ही रक्कम भरघोस होती. १८६८ मध्ये ज्यांची निवड झाली, ते ऑस्बर्न रेनॉल्ड्स अवघे पंचवीस वर्षांचे होते.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. घराणे धर्मोपदेशकांचे. वडिलांचे नावही ऑस्बर्नच. तेही केंब्रिजचे गणितज्ञ, पुढे शाळेचे मुख्याध्यापक, आणि शेतीच्या अवजारांत सुधारणा करून त्यांची पेटंटे घेण्याचा त्यांना नाद होता. एसेक्समधील डेडहॅमच्या शाळेत मुलाचे शिक्षण वडिलांच्याच हाताखाली झाले. गणित आणि लोखंड या दोन्हींची गोडी एकाच घरात लागली, ती अशी.

शाळा संपल्यावर अशा घरातील मुलाने थेट केंब्रिजला जायचे, ही रीत. रेनॉल्ड्स मात्र १८६१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, स्टोनी स्ट्रॅटफर्ड येथील एडवर्ड हेज यांच्या कारखान्यात उमेदवार म्हणून दाखल झाले. समुद्रापासून इतक्या दूरच्या त्या गावात हेज लहान आगबोटी बांधीत असत. तेथे काम करताना रेनॉल्ड्स यांच्या ध्यानात आले की यंत्रांमध्ये जे घडते त्याचे कारण सांगायचे तर आपले गणित अपुरे आहे. म्हणून ते केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात गेले आणि १८६७ मध्ये गणिताच्या मानाच्या परीक्षेत सातवे आले. लगेच त्यांना कॉलेजची फेलोशिप मिळाली. केंब्रिजमध्ये निवांत राहता आले असते, पण ते लंडनला एका स्थापत्य अभियंत्याच्या कचेरीत कामाला लागले. आधी कारखाना, मग गणित, पुन्हा कचेरी हा उलटसुलट क्रम त्यांच्या पुढील सगळ्या कामाला पुरला. मँचेस्टरच्या कारखानदारांना असाच माणूस हवा होता. मात्र हा माणूस त्यांना हवे तेवढेच देऊन थांबणार नव्हता.

मँचेस्टरला आले त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. पत्नी शार्लट ही लीड्सच्या एका डॉक्टरांची कन्या. वर्षभराच्या आतबाहेर ती वारली. पुढची बारा वर्षे रेनॉल्ड्स यांनी पुन्हा विवाह केला नाही. त्यांच्या संशोधनाचा पहिला मोठा लोंढा याच वर्षांतला आहे. १८८१ मध्ये त्यांनी ॲनी विल्किन्सन यांच्याशी विवाह केला, आणि त्यांना तीन मुलगे व एक मुलगी झाली.

क्वे स्ट्रीटच्या घरात अभियांत्रिकीसाठी जागा नव्हती. घरामागे घोड्यांचा जुना तबेला होता, तो या विभागाला मिळाला, आणि प्राध्यापकांची व्याख्याने वरच्या गवताच्या माळ्यावर होत, अशी आठवण त्या काळच्या विद्यार्थ्यांनी सांगून ठेवली आहे. त्यांतला एक विद्यार्थी होता जोसेफ जॉन थॉमसन. १८७० मध्ये तो ओवेन्स कॉलेजात आला तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. इंजिन कारखान्यात उमेदवारी मिळेपर्यंत काही शिकावे, एवढाच वडिलांचा हेतू. १८७३ मध्ये वडील वारले, उमेदवारीसाठी भरायचे पैसे उरले नाहीत, आणि मुलगा गणित व भौतिकशास्त्राकडे वळला. पुढे इलेक्ट्रॉन शोधणारे जे. जे. थॉमसन ते हेच.

थॉमसन यांनी वृद्धापकाळी आपल्या या शिक्षकांविषयी लिहिले, त्यातून दिसणारे चित्र आदर्श अध्यापकाचे नाही. सर वर्गात उशिरा येत. टेबलावर ग्लासगोचे प्राध्यापक रँकिन यांचे जाडजूड पुस्तक ठेवलेले असे. ते उचलून कोणते तरी पान उघडत, एखादे सूत्र पाहत आणि ते चुकले असल्याचे जाहीर करत. मग विद्यार्थ्यांकडे पाठ करून फळ्यावर मांडणी सुरू होई. लिहायचे, पुसायचे, स्वतःशी पुटपुटायचे, पुन्हा पहिल्यापासून लिहायचे. तास संपत आला की अखेरीस कबुली येई की रँकिन यांचेच बहुधा बरोबर आहे. माहिती गोळा करायला बसलेल्या विद्यार्थ्याच्या वहीत यातून फारसे काही उतरत नसे. पण एक समर्थ बुद्धी नव्या प्रश्नाशी कशी झुंजते, हे डोळ्यांसमोर पाहायला मिळे, आणि थॉमसन यांना ते इतर कशाहून मोलाचे वाटले. अर्थात वर्गातला प्रत्येक जण काही थॉमसन नव्हता. सामान्य विद्यार्थ्याची या तासांना दमछाक होत असणार, हेही मान्य केले पाहिजे.

रेनॉल्ड्स यांची अध्यापनाची कल्पना मात्र स्पष्ट होती. पूल बांधणारा, बाष्पयंत्र करणारा, खाणीत काम करणारा आणि जहाजाचा पंखा आखणारा अशा सर्वांना पायाभूत शिक्षण एकच हवे, आणि ते गणित, भौतिकशास्त्र व यामिकी यांचे हवे, असा त्यांचा आग्रह होता. हातोटी कारखान्यात येते, ती कॉलेजने शिकवायला जाऊ नये. कारखान्यात जे कधीच शिकायला मिळणार नाही ते कॉलेजने शिकवावे. वर्गणी देणाऱ्यांपैकी कित्येकांना अपेक्षित होते त्याहून हे वेगळे होते. आजही आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा वाद मिटलेला नाही. उद्योगांना उद्या लागणारी माणसे तयार करायची की परवाचा प्रश्न सोडवणारी, हे कोणी नीट ठरवलेले दिसत नाही. १८६८ मध्ये तबेल्याच्या माळ्यावर रेनॉल्ड्स यांनी आपली बाजू निवडली होती.

१८७३ मध्ये कॉलेज ऑक्सफर्ड रोडवरील नव्या इमारतीत गेले. वास्तुशिल्पी आल्फ्रेड वॉटरहाऊस यांनी ती बांधली. १८७६ मध्ये बायर वारले आणि सुमारे एक लाख पौंड कॉलेजला ठेवून गेले. १८८० मध्ये व्हिक्टोरिया विद्यापीठ स्थापन होऊन ओवेन्स हे त्याचे पहिले महाविद्यालय झाले, तेव्हा लंडनच्या परीक्षांची गरज उरली नाही.

या सर्व काळात रेनॉल्ड्स यांच्या हातून निघालेल्या निबंधांचे विषय पाहिले की माणूस थक्क होतो. जहाजाचा पंखा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आला की इंजिन एकाएकी सैरभैर का पळते, दूरचा आवाज वाऱ्याच्या दिशेने नीट आणि वाऱ्याविरुद्ध अस्पष्ट का ऐकू येतो, पावसाने समुद्राच्या लाटा का निवतात, चाक घरंगळताना घर्षण नेमके कोठे होते, बॉयलरच्या नळीतून उष्णता पाण्यात कशी जाते, असे ते विषय. प्रश्न बहुतेक रस्त्यावरचे, बंदरातले, कारखान्यातले. उत्तरे मात्र गणितातली. १८७५ मध्ये त्यांनी मार्गदर्शक पाती बसवलेल्या केंद्रोत्सारी पंपाचे पेटंट घेतले. असे पंप नंतर मँचेस्टरच्या मेदर अँड प्लॅट कंपनीने बाजारात आणले. पुण्याजवळ चिंचवडला पंप बनवणारी याच नावाची कंपनी महाराष्ट्रातील वाचकांना ठाऊक असेल. तिचे मूळ तेच. १८७७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

ज्या प्रयोगाने त्यांचे नाव अमर केले, तो १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची पार्श्वभूमी अशी. नळीतून पाणी ढकलायला किती जोर लागतो, याची त्या वेळी दोन उत्तरे होती. पॅरिसचे वैद्य प्वाझय यांनी रक्तवाहिन्यांच्या कुतूहलातून केसासारख्या बारीक नळ्यांवर प्रयोग केले. त्यांच्या मते वेग दुप्पट केला तर रोधही दुप्पट होतो. फ्रेंच अभियंते दार्सी यांनी शहरांना पाणी पुरवणाऱ्या मोठ्या नळांवर मोजमापे घेतली. त्यांच्या आकड्यांनुसार वेग दुप्पट केला तर रोध जवळजवळ चौपट होतो. दोघेही काटेकोर, दोघांचेही आकडे खरे. प्रशियातील अभियंते हागेन यांना नळीतील प्रवाह एका टप्प्यावर आपली चाल बदलतो हे दिसलेही होते. पण ती चाल केव्हा बदलते, हे कोणी नियमात बसवले नव्हते.

रेनॉल्ड्स यांनी सहा फूट लांब आणि दीड फूट रुंद व तेवढीच खोल अशी काचेच्या बाजूंची टाकी केली. तिच्यात पाण्याखाली आडवी काचेची नळी ठेवली. नळीच्या तोंडाला सनईच्या फुलासारखा पसरट लाकडी कर्णा बसवला, म्हणजे पाणी आत शिरतानाच विस्कटू नये. नळीचे दुसरे टोक टाकीबाहेर काढून खाली वळवले आणि त्याच्या झडपेला लांब दांडा जोडला, म्हणजे उंच फळीवर उभे राहून काचेतून पाहता पाहता ती हळूहळू उघडता येईल. टाकी भरल्यावर पाणी पूर्ण निवावे म्हणून कित्येक तास तसेच ठेवत. मग कर्ण्याच्या तोंडाशी एका बारीक नळीतून रंगीत पाण्याची धार सोडत.

झडप थोडी उघडली की रंगाची एक रेघ नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाई, आणि ती इतकी स्थिर असे की पाणी वाहते आहे हे सांगूनही पटू नये. झडप आणखी उघडली तरी रेघ सरळच. वेग वाढत वाढत एका बिंदूशी आला की नळीच्या तोंडापासून काही अंतरावर रेघ अचानक फुटे आणि पुढची सगळी नळी रंगाने भरून जाई. विजेच्या ठिणगीच्या क्षणिक उजेडात पाहिले की तो नुसता पसरलेला रंग नसून असंख्य लहान भोवरे आहेत, हे स्पष्ट दिसे. पहिल्या गतीला त्यांनी सरळ आणि दुसरीला नागमोडी असे म्हटले. आज आपण त्यांना स्तरीय आणि क्षुब्ध प्रवाह म्हणतो.

इतपर्यंत कुशल प्रयोगकर्ताही आला असता. त्यापुढे जायला केंब्रिजचे गणित कामी आले. निरनिराळ्या व्यासांच्या नळ्या घेऊन आणि पाण्याचे तापमान, म्हणजेच त्याची श्यानता, बदलून त्यांनी प्रयोग केले. चाल बदलण्याचा क्षण केवळ वेगावर वा केवळ व्यासावर अवलंबून नाही, तर वेग, व्यास, घनता आणि श्यानता यांच्या एका विशिष्ट गुणोत्तरावर अवलंबून आहे, हे त्यांनी दाखवले. या गुणोत्तराला एकक नाही. फूट-पौंडात मोजा वा मीटर-किलोग्रॅममध्ये, आकडा तोच येतो. पाणी असो, तेल असो वा हवा असो, नियम तोच राहतो. दाब मोजण्याच्या वेगळ्या प्रयोगांतून त्यांना आढळले की आकडा साधारण दोन हजारांच्या खाली असेल तर आधी विस्कटलेला प्रवाहही पुढे शांत होतो. उलट पाणी अगदी निवलेले असेल आणि कोठे धक्का लागला नाही, तर बारा हजारांच्या वरही रेघ सरळ राहू शकते. प्वाझय आणि दार्सी दोघेही बरोबर होते; एक उंबरठ्याच्या अलीकडे उभा होता, दुसरा पलीकडे. निबंध तपासायला स्टोक्स आणि रॅले यांच्याकडे गेला आणि दोघांनीही त्याचे स्वागत केले. नळयोजनेपासून विमानाच्या पंखापर्यंत, लहान प्रतिकृतीवर प्रयोग करून मोठ्या वस्तूचे वर्तन सांगण्याची जी रीत आज सर्वत्र चालते, तिला आधार देणाऱ्या मुख्य अंकांत हा एक आहे.

यंत्र अभियंत्यांच्या दृष्टीने पाहिले तर १८८६ चे त्यांचे काम याहून कमी मोलाचे नाही, किंबहुना कारखान्याला ते अधिक जवळचे आहे. बोशाम्प टॉवर नावाचे अभियंते यंत्र अभियंत्यांच्या संस्थेसाठी रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. फिरता दांडा खालून तेलात बुडलेला आणि वरून त्यावर भार टाकणारे पितळी अर्धे बेअरिंग, अशी रचना होती. तेल सोडण्यासाठी टॉवर यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर त्यातून तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर येऊ लागले. त्यांनी बूच मारले, ते उडाले; लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. दाबमापक लावला तेव्हा काटा मोजपट्टीच्या शेवटाला, चौरस इंचाला दोनशे पौंडांवर गेला. बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या हा दाब दुप्पट होता. दांडा धातूवर टेकलेलाच नव्हता, तेलाच्या पातळ थरावर तरंगत होता.

असे का होते, ते रेनॉल्ड्स यांनी सांगितले. दांडा बेअरिंगच्या मध्यातून किंचित सरकलेला असतो, त्यामुळे तेलाची फट एका बाजूला रुंद आणि पुढे निमुळती होत जाते. फिरता दांडा चिकट तेलाला आपल्याबरोबर या निमुळत्या फटीत ओढतो, तेल दाटते आणि त्या दाबाने दांडा उचलला जातो. याचे समीकरण त्यांनी मांडले, आणि त्याच नावाने ते आजही वंगणशास्त्राचा पाया आहे. जलविद्युत केंद्रातल्या अवाढव्य टर्बाइनचा भार पेलणारी बेअरिंगे याच तत्त्वावर चालतात. तोपर्यंत वंगण म्हणजे तेल्याच्या अंदाजाने घातलेले तेल. त्याचा हिशेब प्रथम येथे झाला.

याच सुमाराला त्यांनी वाळूकडे लक्ष वळवले. मिरामार वा कळंगुटच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत पाऊल ठेवले की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढुरकी पडते. आपण सर्वांनी हे पाहिलेले आहे. रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये त्याचे कारण दिले. दाटून बसलेल्या कणांना हलवायचे तर ते एकमेकांवर चढतात, त्यांच्यामधली जागा वाढते आणि वरचे पाणी त्या जागेत ओढले जाते. मर्सी नदीच्या मुखाची लहान प्रतिकृती करून, तिच्यात वाळू घालून आणि कृत्रिम भरती-ओहोटी चालवून गाळ कोठे साचेल हेही त्यांनी दाखवले. खऱ्या नदीत साडेबारा तासांनी येणारी भरती त्या टाकीत मिनिटाच्या आत येऊन जाई. लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या दृष्टीने हा प्रश्न शास्त्रापुरता नव्हता, कारण मँचेस्टरपर्यंत जहाजे आणणारा कालवा तेव्हा खणला जात होता.

१८८७ मध्ये व्हिटवर्थ वारले. त्यांच्या संपत्तीच्या विश्वस्तांनी दिलेल्या पैशातून कॉलेजात नवी अभियांत्रिकी प्रयोगशाळा उभी राहिली. तिच्यात बसवलेले तिहेरी प्रसरणाचे बाष्पयंत्र रेनॉल्ड्स यांनी स्वतः आखले. त्याची तीन अंगे स्वतंत्रपणे चालवता येत आणि प्रत्येकाला आपापला पाण्याचा ब्रेक होता, म्हणजे वाफेची शक्ती कोठे किती खर्ची पडते ते विद्यार्थ्याला स्वतः मोजता यावे. शिकवण्यासाठी केलेल्या या यंत्रावर त्यांनी पुढे मूरबी यांच्यासह एक मोठे संशोधन पार पाडले. मँचेस्टरचेच जूल यांनी उष्णता आणि कार्य यांचे प्रमाण ठरवले होते. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला ७७२ फूट-पौंड कार्य लागते, असा त्यांचा आकडा होता. रेनॉल्ड्स आणि मूरबी यांनी ब्रेकमध्ये पाणी गोठणबिंदूपासून उत्कलनबिंदूपर्यंत तापवून १८९७ मध्ये ७७७ च्या किंचित खालचा आकडा दिला. आजचा स्वीकृत आकडा सुमारे ७७८ आहे. जूल यांच्याविषयी रेनॉल्ड्स यांना अपार आदर होता, त्यांचे चरित्रही त्यांनी लिहिले होते. आदर आणि दुरुस्ती एकत्र नांदू शकतात, हे त्यांनी असे दाखवले. त्याआधी १८८८ मध्ये रॉयल सोसायटीचे रॉयल पदक त्यांना मिळाले होते.

१८९५ मध्ये त्यांनी क्षुब्ध प्रवाहाचा सिद्धांत मांडला. क्षणाक्षणाला बदलणाऱ्या वेगाचे दोन भाग करायचे, एक सरासरीचा आणि एक चंचल, मग समीकरणांतून पाहायचे की चंचल भाग सरासरी प्रवाहाकडून शक्ती कशी घेतो. हवामानाचा अंदाज आणि विमानाचा आराखडा यांच्या आजच्या संगणकीय पद्धतींपैकी पुष्कळांचा आरंभ याच विभागणीपासून होतो. पण त्या वेळी निबंध तपासणाऱ्या स्टोक्स आणि लॅम यांना तो उमजायला फार जड गेला. होरेस लॅम तर त्याच विद्यापीठातले, द्रवगतिशास्त्रावर त्यांचा ग्रंथ प्रमाण मानला जाई. रेनॉल्ड्स यांची मांडणी दुर्बोध आहे ही तक्रार खरी होती. इतरांचे लिखाण न वाचता सगळे आपल्या वाटेने करायचे, ही त्यांची जन्मभराची सवय. तिच्यामुळे त्यांना अपूर्व गोष्टी सापडल्या, आणि तिच्याचमुळे लोकांना त्यांच्यापर्यंत पोहोचणे अवघड झाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही सवय त्यांना दूर घेऊन गेली. सर्व विश्व अतिसूक्ष्म, घट्ट रचलेल्या कणांचे बनले आहे आणि गुरुत्वाकर्षणापासून प्रकाशापर्यंत सर्व काही त्या कणांच्या रचनेतून निघते, अशी त्यांची धारणा झाली. वाळूच्या त्या निरीक्षणाचे हे विश्वव्यापी रूप. १९०२ मध्ये केंब्रिजला त्यांनी यावर व्याख्यान दिले, १९०३ मध्ये जाडजूड ग्रंथ काढला. तो स्वीकारणारे कोणी निघाले नाही. जॉन कॉलिअर यांनी १९०४ मध्ये रंगवलेल्या व्यक्तिचित्रात त्यांच्यापाशी छोट्या गोळ्यांनी भरलेले भांडे दिसते, ते याच कल्पनेची खूण म्हणून. तोवर त्यांची बुद्धी मंदावू लागली होती. १९०५ मध्ये आजारपणामुळे त्यांनी अध्यासन सोडले आणि सॉमरसेटमधील वॉचेट या समुद्रकाठच्या गावी राहायला गेले. २१ फेब्रुवारी १९१२ रोजी तेथेच, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मँचेस्टरला त्यांच्या जागी त्यांचेच विद्यार्थी स्टॅन्ली डंकर्ली आले. फिरत्या दांड्याच्या धोकादायक वेगाची त्यांची पद्धत आजही अभ्यासक्रमात आहे. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाचा एक श्रीमंत तरुण विमानविद्येतील संशोधनासाठी याच विभागात दाखल झाला. तीनेक वर्षांनी तो गणिताच्या पायाभूत प्रश्नांकडे आणि तेथून तत्त्वज्ञानाकडे गेला, आणि लुडविग विटगेनश्टाइन म्हणून ओळखला गेला. त्याच १९०८ मध्ये रोमला भरलेल्या गणितज्ञांच्या परिषदेत जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी त्या एककहीन गुणोत्तराला रेनॉल्ड्स अंक हे नाव दिले. वॉचेटच्या घरात विकल होऊन पडलेल्या प्राध्यापकांना त्या वेळी जेमतेम चार वर्षांचे आयुष्य उरले होते.

१८८३ ची ती टाकी मँचेस्टर विद्यापीठात जपून ठेवलेली आहे. तिच्यावर पुढच्या काळात पुन्हा प्रयोग झाले, तेव्हा रंगाची रेघ रेनॉल्ड्स यांना दिसली त्यापेक्षा बऱ्याच कमी वेगाला फुटू लागली. बाहेरच्या रस्त्यावरून आता मोटारी जातात, त्यांच्या हादऱ्यांनी टाकीतले पाणी पूर्वीसारखे निवत नाही.